चाकांवरच्या घराची ऊब

अमेरिकेत फिरत्या घराची हौस मोठी आहे. एकाच वाहनात चालकाचे आसन, शेगडी, पाण्याची टाकी आणि निजावयाची जागा असते. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या गावी विनेबागो कंपनीने १९६६ साली अशी वाहने बांधण्यास आरंभ केला. त्या राज्यात हिवाळ्यात पारा पुष्कळदा शून्याच्या खाली उतरतो. मग पत्र्याच्या भिंतींआड माणसे उबदार कशी राहतात?

याचे रहस्य डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात आहे. अशा पुष्कळ वाहनांना बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा व आतून प्लायवूड असते. दोहोंच्या मध्ये काचतंतूंची लोकर किंवा हलक्या, सच्छिद्र प्लॅस्टिकचे फलक भरलेले असतात. घोंगडी ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. ॲल्युमिनियम मात्र तिच्या हजारो पट सुलभतेने उष्णता वाहून नेते. हा मधला थर भिजला किंवा खाली खचला, की भिंत असून नसल्यासारखी होते.

आयोवातील एका वृद्ध सुताराचे फिरते घर असेच जीर्ण झाले होते. हिमवर्षावापूर्वी बारा वर्षांच्या नातीला घेऊन दूरच्या आप्तांकडे जाण्याचा त्याचा बेत होता. दोघांनी हातमोजे व मुखपट चढविले. कारण काचेचे सूक्ष्म तंतू कातडीत रुततात आणि श्वासाबरोबर आतही जातात. प्लायवूड काढताच कुबट वास आला. लोकर ओली होऊन तळाशी गोळा झाली होती. एका कोपऱ्यात तर उंदरांनी घरटे केले होते.

नात म्हणाली, "आजोबा, नवे फलक तयारच आहेत. बसवून टाकू या. आतले कोणाला दिसणार आहे?"

"बाळ, दिसत नाही म्हणूनच ते नीट करावयाचे," आजोबा म्हणाले. "आधी पाण्याची वाट शोधू."

आजोबांनी बाहेरून नळीने पाणी सोडले. प्रथम खाली, मग हळूहळू वर. नात आत दिवा घेऊन बसली. छतावरील झरोक्याच्या कडेपाशी पाणी पोहोचताच आत एक थेंब चमकला. शत्रू सापडला! आजोबांनी ती फट लवचीक लांबीने बुजविली, कुजलेले लाकूड कापून नवे जोडले आणि सारे वाळू दिले. त्यात कित्येक दिवस गेले. प्रवास लांबला. नात हिरमुसली, परंतु ओलावा आत कोंडला असता तर नवे लाकूडही कुजले असते.

मग फलक मापात कापून बसविले व त्यांचे सांधे चिकटपट्टीने बंद केले. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसेच श्वासातील वाफ फटीतून गार पत्र्यापर्यंत गेली, की तिचे पाणी होते.

उरलेल्या तुकड्याने नात शेगडीजवळचे झडपही बुजवू लागली. आजोबांनी तिचा हात धरला. "ते वाऱ्यासाठी आहे. शेगडी नीट जळली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास." त्यांनी झडप मोकळे ठेवले आणि त्या वायूची सूचना देणारे यंत्रही तपासून पाहिले.

पहिल्या हिमाच्या रात्री नात त्या घरात निजली. बाहेर खिडकीवर दहिवर गोठले होते. आत भिंतीला हात लावला तर ती कोरडी होती. सकाळी वाहन मार्गस्थ झाले. दोष झाकल्याने दिवस वाचले असते, घर वाचले नसते, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

शब्दार्थ : सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले, जीर्ण – जुने होऊन झिजलेले, आप्त – नातलग, दहिवर – दव.

स्वाध्याय
१. घोंगडी ऊब कशामुळे देते?
२. आजोबांनी पाण्याची वाट कशी शोधली?
३. कारणे द्या : शेगडीजवळचे झडप मोकळे ठेवले.
४. 'मार्गस्थ होणे', 'हिरमुसणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.