नाव एक, नंबर अनेक



भवानीनगरच्या माणसाला नंबराचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रीघ लागते. आमच्या वस्तीत एकाच आडनावाची कितीतरी घरं, त्यात माझ्या वडिलांच्या नावाचे आणखी दोघं. ऊस कोणाचा, हे नुसत्या नावावरून कसं कळणार? नंबर बघावाच लागतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण कॉम्प्युटरसमोर बसल्यावर नेमकं तेच विसरलो. शिक्षा मात्र माझ्या प्रोजेक्ट पार्टनरला झाली.

त्याचं असं झालं. आम्हा चौघांच्या ग्रुपला लिनक्स सर्व्हरवर एकच लॉगिन मिळालं होतं. पार्टनरने शनिवारी रात्री सिम्युलेशन लावलं, त्याला साधारण वीस तास लागणार होते. रविवारी संध्याकाळी मी घरून लॉगिन केलं. माझा छोटासा पायथन प्रोग्राम अडकून बसला होता. मी बिनधास्त 'पीकिल -९ पायथन' असं मारलं. माझा प्रोग्राम बंद झाला. तासाभरात पूर्ण होणारं त्याचं सिम्युलेशनही बंद झालं! सोमवारी सकाळी रिव्ह्यू होता.

म्हणून हा लेख. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग आणि सगळी अक्षरं स्मॉल घ्या.)

आधी मुळाशी जाऊ. डिस्कवर पडून असतो तो प्रोग्राम. तो चालू झाला की त्याची प्रोसेस होते. एकच प्रोग्राम चार वेळा चालू केला तर प्रोसेस चार, नाव मात्र एकच. म्हणून कर्नेल प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक देतं, तो पीआयडी. आमच्या दोघांच्या प्रोग्रामच्या फाइल वेगळ्या होत्या, पण त्या चालवणारा पायथनच. त्यामुळे सिस्टिमच्या लेखी दोघांचं नाव 'पायथन३'.

नावावरून पीआयडी शोधायची जुनी पद्धत म्हणजे 'पीएस -ईएफ' चं आउटपुट 'ग्रेप'ला पाइप करणं. यात गंमत अशी की शोधणारा ग्रेप स्वतःच यादीत दिसतो, कारण शोधायचा शब्द त्याच्याही कमांडमध्ये असतो. 'पीग्रेप' वापरलं तर ही भानगड राहत नाही, ते स्वतःला वगळतं. पीग्रेप आणि पीकिल ही जोडी पहिल्यांदा सोलारिस ७ मध्ये, म्हणजे १९९८ साली आली. आज ती जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते.

पीग्रेप वापरताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

१) ते नावाचा तुकडाही जुळवतं. 'पीग्रेप एसएच' म्हटलं तर बॅश आणि एसएसएचडी दोन्ही सापडतील. नेमकं नाव हवं असेल तर '-एक्स' लावा.

२) नुसता क्रमांक बघून काही कळत नाही. '-ए' लावलं की क्रमांकासोबत पूर्ण कमांड दिसते. मी त्या दिवशी 'पीग्रेप -ए पायथन' एवढं केलं असतं तरी दोन ओळी, दोन वेगळ्या फाइल दिसल्या असत्या.

३) लिनक्समध्ये प्रोसेसच्या नावाची फक्त पहिली १५ अक्षरं ठेवली जातात. लांबलचक नाव पूर्ण टाइप केलं तर काहीच सापडत नाही. अशा वेळी '-एफ' लावून पूर्ण कमांडमध्ये शोधा.

४) पण '-एफ' दुधारी आहे. 'पीकिल -एफ' ला फाइलचं नाव दिलं, तर तीच फाइल व्हिममध्ये उघडून बसलेला तुमचा एडिटरही जातो, कारण त्याच्या कमांडमध्येही तेच नाव असतं.

पीग्रेप आणि पीकिल नाव जुळवण्याचे नियम एकच वापरतात. म्हणून आधी पीग्रेपने यादी बघा, आपली ओळ ओळखा आणि मग 'किल' ला तेवढाच क्रमांक द्या.

उलटा प्रवासही करता येतो. क्रमांक हाताशी असेल तर 'पीएस -पी' पुढे तो लिहा, ती प्रोसेस कोणती हे कळतं. पण कालचा क्रमांक वहीत लिहून आज वापरू नका. क्रमांक वाढत वाढत मर्यादेला पोचले की मोकळे झालेले पुन्हा वाटले जातात. ही मर्यादा पूर्वीपासून ३२,७६८ होती. ६४ बिट लिनक्सवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. म्हणजे पीआयडी एकमेव असतो, पण फक्त प्रोसेस जिवंत असेपर्यंत.

आता माझी दुसरी चूक. 'किल' साधं वापरलं तर १५ क्रमांकाचा सिग्नल जातो, म्हणजे 'आवरून घे आणि बंद हो' अशी विनंती. पार्टनरने हा सिग्नल आला की तोपर्यंतची उत्तरं फाइलमध्ये लिहायची सोय केली होती. मी पाठवला ९. तो प्रोसेसला अडवताही येत नाही आणि आवरायला वेळही मिळत नाही. १५ ने काम झालं नाही तरच ९, हा क्रम पाळा.

सोमवारी त्याने अर्धवट ग्राफ दाखवला. सरांनी विचारल्यावर 'रन पूर्ण झाला नाही' एवढंच म्हणाला, माझं नाव घेतलं नाही. मला राहवलं नाही, मीच उठून सांगितलं. सर म्हणाले, "बुधवारी पूर्ण ग्राफ आणा." मंगळवारी रात्रभर सिम्युलेशन चालू होतं आणि मी सर्व्हरकडे फिरकलोसुद्धा नाही!

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला एवढं कराच. तीन टर्मिनल उघडा, तिन्हीत 'स्लीप ५००' चालू करा आणि फक्त मधलं बंद करून दाखवा. जमलं तर विषय समजला.