सांदवाडीतली भाजी : लागतात किती, सुटतात केव्हा

नरखेड तालुक्यात एक गंमत हमखास दिसते. ज्यांच्या वावरात संत्र्याची पाचशे झाडं उभी, त्यांच्याही घरी सांबार (कोथिंबीर) आठवडी बाजारातून विकत येतो. वावर संत्र्याचं, कपाशीचं, तुरीचं. भाजीला त्यात जागा नाही. घरामागची सांदवाडी मात्र मोडकी खाट, जुने टायर आणि सरपण यांनी अडवलेली. ती मोकळी करून बिनविषारी भाजी लावायची तर पैसे किती लागतात, त्याचा हा हिशेब. भाव ढोबळ धरले आहेत. नरखेड, जलालखेडा, मोवाड इथं दुकानागणिक थोडाफार फरक पडेलच.

आधीच सांगतो, पहिल्या हिवाळ्यात पैसे वसूल होत नाहीत. होतात असं सांगणारा बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो.

हिशेब १० बाय १० फुटांच्या जागेचा आहे. नवख्यानं याहून मोठी जागा धरू नये. तण काढताना याचं कारण आपोआप कळतं.

पहिला रुपया कुंपणाला

सेंद्रिय म्हटलं की लोक आधी खताचं विचारतात. आपल्याकडे खरा खर्च कुंपणाचा. शेळ्या, मोकाट गुरं, डुकरं, कोंबड्या आणि बाग जवळ असेल तर वानरं. माझी पहिली मेथी चार बोटं वर आली त्याच दिवशी एका शेळीनं अर्ध्या तासात साफ केली. शेळीचा काही दोष नव्हता, फाटक मीच उघडं ठेवलं होतं.

चारी बाजू मिळून ४० फूट होतात. लोखंडी जाळी आणि खांब घेतले तर दीड ते अडीच हजार रुपये तिथेच जातात. तुराट्या मात्र फुकट मिळतात. तूर निघाली की बांधावर पडलेल्या असतात. भारा आणायचा, दाट रोवायचा आणि बांधायला शंभर-सव्वाशे रुपयांची तार किंवा सुतळी आणायची. वर्षभर टिकतं. तुराट्यांऐवजी कपाशीच्या पऱ्हाट्या वापरू नका. एकतर त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून कृषी विभाग त्या हंगाम संपताच वावराबाहेर काढून नष्ट करायला सांगतो. दुसरं, कपाशीवरचा पिठ्या ढेकूण भेंडीवर यायला वेळ लागत नाही, कारण भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. वानरांवर स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही. ती येत असतील तर टमाटर लावण्याचा नाद सोडा. मेथी, पालक, सांबार आणि मिरची यांच्यावर भागवा.

खत आणि माती

शेणखताची ट्रॉली तीन-चार हजारांच्या घरात जाते, पण १०० चौरस फुटांना ट्रॉली लागतच नाही. ७० ते ८० किलो मुरलेलं खत पुरतं. घरी गोठा असेल तर खर्च शून्य; नसेल तर तीन-चार घरं मिळून एक बंडी घ्या, वाट्याला ३०० ते ५०० रुपये येतील. गांडूळखत मोठ्या पोत्यात किलोला १० ते १५ रुपयांनी मिळतं. दुकानातल्या रंगीत पुड्यांत तेच ३० रुपये किलो पडतं. पुड्या घेऊ नका.

खत मुरलेलंच हवं. हातात घेतलं तर भुरभुरीत, काळं, शेणाचा वास नसलेलं. ओलं शेण टाकलं की हुमणी आणि उधई पाठोपाठ येतात, मग त्यांच्यासाठी औषध शोधत फिरावं लागतं आणि सेंद्रियाचं तिथंच संपतं.

आपली माती काळी, म्हणजे उन्हाळ्यात हातभर भेगा आणि पावसाळ्यात चिखल. त्यामुळे सपाट वाफा करू नका. वीतभर उंच, तीन फूट रुंद गादीवाफे करा, म्हणजे पावसाचं पाणी मुळांशी साचणार नाही. यात पैसा जात नाही, दोन दिवस कंबर तेवढी दुखते. वर वाळलेला पाला किंवा सोयाबीनचं कुटार पसरलं की पाणी वाचतं आणि तणही कमी येतं.

जीवामृत घरीच करा. ही कृती लोकांपर्यंत नेणारे सुभाष पाळेकर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, बेलोऱ्याचे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकराला त्यांचं माप २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. घरासाठी याचा विसावा भाग घ्या : १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं आणि आठवडाभरात संपवायचं. खर्च १५ ते २० रुपये. एकराच्या मापानं आपल्या जागेला अर्धा लिटरही पुरेल. उरलेलं शेजारी वाटा, नाहीतर पपई-लिंबाच्या आळ्यात ओता.

बियाणं : अर्धं किराणा दुकानात

मेथी आणि सांबार यांच्यासाठी बियाण्याची पुडी घेऊ नका. किराण्यातले मेथीदाणे उगवतात. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजवायचे. दहा-दहा रुपयांत दोन्ही भागतं. पालक, मुळा, गवार, बरबटी, दोडके यांच्या पुड्या २० ते ५० रुपयांना मिळतात. पुडी फोडल्यावर बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसलं तर त्यावर बुरशीनाशक चोळलेलं आहे. सेंद्रिय हवं असेल तर दुकानदाराला बिनप्रक्रियेचं बी मागा. वांगी, मिरची, टमाटर यांची रोपं रोपवाटिकेतून आणलेली बरी. दोन रुपयाला एक धरलं तरी पंचवीस-तीस रोपं साठ रुपयांत येतात. सगळं मिळून २०० ते २५० रुपये.

महिला बचतगटात असाल तर आधी तिथं विचारा. ‘उमेद’ अभियानातून पोषण परसबागेचं काम चालतं. बियाणं आणि माहिती दोन्ही मिळण्याचा संभव असतो.

पाणी बादलीत मोजा

संत्र्याच्या पट्ट्यात पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. मार्च उजाडला की बोअर आधी बागेला, मग माणसाला. १०० चौरस फुटांना हिवाळ्यात रोज दोन बादल्या पाणी लागतं, उन्हाळ्यात चार. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी साठवलं तर हिवाळ्यातली एक बादली घरातच निघते. साबणाचं पाणी नको. टँकर मागवून पाणी पिणाऱ्या घरानं उन्हाळी भाजी लावूच नये. त्या पैशात दुप्पट भाजी बाजारातून येते.

कीड आली तर

बांधावरच्या कडुनिंबाखाली जून-जुलैत निंबोळ्या पडतात. वेचा, वाळवा, डब्यात भरा. ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून चमचाभर रिठ्याचं पाणी घालून संध्याकाळी फवारायची. हातपंपाची बाटली १५० ते २५० रुपयांना मिळते. तयार नीमतेलाची बाटलीही तेवढ्यालाच येते. ज्यांनी निंबोळ्या वेचल्या नाहीत त्यांनी ती घ्यावी.

शेतातल्या औषधाचा रिकामा डबा झारीसाठी, कुंडीसाठी, पाण्यासाठी कधीही वापरू नका, सात वेळा धुतला तरी. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. त्यावरून तरी हा डबा घरात येऊ नये. शेतातला फवारणी पंपही परसबागेत आणू नका.

गच्चीवरचं गणित

नरखेड शहरात ज्यांना सांदवाडी नाही, त्यांना महाग पडतं. फूटभर उंचीच्या बारा ग्रो-बॅगांचे ६०० ते ७०० रुपये, साठेक किलो गांडूळखताचे ७०० ते ९००, कोकोपीटच्या एका विटेचे २०० ते २५०, बी-रोपांचे २००, बाटलीचे २०० आणि मार्चपासून हिरव्या जाळीचे ३०० ते ४००. म्हणजे बावीसशे ते साडेसव्वीसशे. निव्वळ काळी माती पिशवीत भरू नका, विटेसारखी घट्ट होते. पिशव्यांऐवजी रंगाचे रिकामे डबे चालतील का, असं लोक विचारतात. तेलाचे डबे घ्या, रंगाचे नको.

सांदवाडीची बेरीज यापेक्षा हलकी. कुंपणाचे १२५, खताचे ४००, बी-रोपांचे २२५, खुरप्याचे १००, बाटलीचे २००, जीवामृताचे २०. पावडं आणि घमेलं घरचंच धरलं तर हजार-अकराशे रुपये.

आता मिळकत. नवख्या हातानं हिवाळ्यात या जागेतून पंधरा-वीस किलो भाजी निघाली तरी शाबासकी. पण त्याच वेळी बाजारातही भाजी स्वस्त असते. किलोला तीस रुपये धरले तर साडेचारशे ते सहाशे. म्हणजे पाचशेचा तोटा. सुटतात ते पुढच्या पावसाळ्यात, जेव्हा सांबार आणि टमाटर यांचे भाव डोक्यावर चढतात आणि तुमचा खर्च बी आणि खत मिळून पाचशेच्या आत असतो. कुंपण, खुरपं, बाटली तीच.

सुरुवात पोळ्याला करा. सांदवाडी साफ करून गादीवाफे घाला, खत मुरू द्या, आणि दसऱ्याच्या आसपास पाऊस उघडला की मेथी पेरा. महिनाभरात ती खुडायला येते.