अर्ज लिहिताना : गरज आणि उपयुक्तता

नोकरीची जाहिरात निघाली की गावोगावच्या टपाल कार्यालयांतून अर्जांचे गठ्ठे रवाना होत, तो काळ आता मागे पडला आहे. आज पुष्कळसे अर्ज संगणकावरूनच भरले जातात. साधन बदलले, परंतु मजकुरातील उणीव मात्र पूर्वीचीच राहिली आहे. उमेदवार आपली अडचण विस्ताराने लिहितो आणि आपले काम एका ओळीत उरकतो.

प्रस्तुत लेखकाने पदवी मिळाल्यावर केलेला पहिला अर्ज याच जातीचा होता. घरची परिस्थिती हलाखीची आहे, मी प्रामाणिक व कष्टाळू आहे, तरी कृपा करून संधी द्यावी, एवढाच त्यातील आशय. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचे दोन वर्षे केलेले संपादन आणि गावच्या वाचनालयासाठी तयार केलेली ग्रंथसूची यांचा त्यात उल्लेखही नव्हता. मुलाखतीचे बोलावणे आले नाही. पुढे गावातील एका निवृत्त गुरुजींनी अर्जाची प्रत वाचून एकच प्रश्न विचारला, "तुला काय येते, हे त्यांना यावरून कसे कळावे?"

या प्रश्नातच सर्व धडा सामावलेला आहे. गरज ही उमेदवाराची बाब होय. निवड करणाऱ्यास मात्र हाती असलेले काम कोण नीट पार पाडील, हेच पाहावयाचे असते.

प्रथम जाहिरात वाचावी

जाहिरातीत सामान्यतः दोन प्रकारच्या अर्हता दिलेल्या असतात : अत्यावश्यक व इष्ट. अत्यावश्यक अर्हतांपैकी एक जरी नसली, तरी अर्ज छाननीतच बाद होतो. इष्ट अर्हतेचा उपयोग समान पात्रतेच्या उमेदवारांतून निवड करताना होऊ शकतो. गोवा शासनाच्या जाहिरातींत बहुधा कोकणीचे ज्ञान अत्यावश्यक व मराठीचे ज्ञान इष्ट म्हटलेले असते. ज्यांना दोन्ही भाषा अवगत आहेत, त्यांनी त्याचा स्पष्ट उल्लेख करण्यास संकोचू नये.

निवडीची पद्धतही आधी समजून घ्यावी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क', गट 'ड' व गट 'ब' मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे आहेत, उरलेले १७५० लेखी परीक्षेचे. जेथे लेखी परीक्षाच निर्णायक आहे, तेथे अभ्यासाला पर्याय नाही. मात्र सहकारी संस्था, कारखाने, कंत्राटी नेमणुका आणि अनुभवाची अट असलेली पदे यांच्या बाबतीत अर्जाची मांडणी महत्त्वाची ठरते.

विशेषणांऐवजी काम सांगावे

समजा, एका तरुणीने गावच्या सहकारी दूध संस्थेत काम केले आहे व ती लेखा सहायकाच्या पदासाठी अर्ज करीत आहे. 'मला हिशेबाचा अनुभव असून मी विश्वासू आहे', असे तिने लिहिले, तर ते वाक्य इतर शंभर अर्जांतही सापडेल. त्याऐवजी तिने पुढीलप्रमाणे लिहावे :

'गावच्या दूध संस्थेत तीन वर्षे संकलनाच्या नोंदी ठेवल्या. सकाळ-सायंकाळ ६० सभासदांचे दूध मोजणे, त्यातील स्निग्धांश तपासणे व त्यानुसार देयके तयार करणे ही कामे केली. नोंदी संगणकावर घेतल्यानंतर देयकांचे दोन दिवसांचे काम अर्ध्या दिवसात होऊ लागले.'

येथे चार गोष्टी आल्या : काम कोणते, किती काळ केले, केवढ्या प्रमाणावर केले आणि त्याचे फळ काय मिळाले. विश्वासू हा शब्द न लिहिताही वाचणाऱ्यास विश्वास वाटतो.

आपल्याकडे बिनपगारी कामास काम मानण्याची पद्धत नाही. स्वयंसहाय्य गटाची खातेवही, जत्रेच्या जमाखर्चाची नोंद, वाचनालयाची देवघेव ही सर्व कौशल्याचीच कामे होत. त्यांचा उल्लेख करावा. मात्र अनुभवाची अट असेल, तेथे जाहिरातीत मान्य असलेलाच अनुभव दाखवावा. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर पद, कामाचे स्वरूप, आरंभ व समाप्तीच्या तारखा, सही आणि शिक्का ही असावीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेल्यांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली प्रशिक्षण घेतले असल्यास त्याचेही प्रमाणपत्र जोडावे.

सत्याची मर्यादा

आपले मोल सांगणे म्हणजे बढाई मारणे नव्हे. ६० सभासदांचे ६०० करू नयेत. चौघांनी मिळून केलेले काम एकट्याच्या नावे मांडू नये. खोटी माहिती उघडकीस आल्यास उमेदवारी रद्द होते. नेमणुकीनंतरही सेवा समाप्त होऊ शकते. शिवाय मुलाखतीत प्रश्न अर्जातूनच निघतात. दुधाचा कस स्वतः तपासलेली मुलगी ती रीत साध्या शब्दांत सहज सांगेल. ज्याने नुसते ऐकून लिहिले, तो दुसऱ्याच प्रश्नाला अडखळेल.

शिक्षकांनी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना केलेल्या कामांची एक वही ठेवण्याची सवय लावावी. संस्थांच्या चिटणीसांनीही काम करणाऱ्या मुलांना वेळीच प्रमाणपत्र द्यावे. अर्जाची मुदत संपत आली असता ते मागण्यासाठी धावाधाव करावी लागणे इष्ट नव्हे.

उमेदवारांनी आज एवढेच करावे : एका कागदावर गेल्या तीन वर्षांत आपल्या हातून झालेली कामे तारीखवार लिहून काढावीत. 'मला काही येत नाही' असे म्हणणाऱ्या अनेकांना तो कागद अपुरा पडेल.