कॉम्प्युटरवरचा एकट्याचा डाव

महिन्याभरापूर्वी दवाखान्यात ६३ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले. डोळे चुरचुरतात, संध्याकाळी लाल होतात, उजवे मनगट दुखते, अशी तक्रार होती. मी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले, मनगटाला पट्टा सांगितला. पंधरा दिवसांनी ते परत आले. गुण नव्हता. पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते, ते मी तेव्हा विचारले, "सर, दिवसभर करता काय?"

सर संकोचून म्हणाले, "मुलाचा जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर सॉलिटेअर खेळतो. कधी कधी रात्रीचे दोन वाजतात. पण घरी इंटरनेट नाही हो डॉक्टर, मग अपाय कसला?"

हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सॉलिटेअर म्हणजे एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो अनेक कॉम्प्युटरवर आला आणि पत्ते सरकवता सरकवता अनेकांचा हात माउसवर बसला. अशा खेळाला इंटरनेट लागत नाही, अनोळखी माणसाशी गाठ पडत नाही. पलीकडे कोणी खोळंबलेले नसते, त्यामुळे डाव केव्हाही थांबवता येतो. हे त्याचे गुण. पण 'आता पुरे' म्हणणारेही कोणी नसते. एक डाव संपला की बोट दाबताच दुसरा तयार!

इंटरनेट असो वा नसो, शरीरावर होणारा ताण तोच. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण बरेच घटते, अश्रूंचा ओलावा सुकतो आणि डोळे चुरचुरतात. मनगटाची एकच हालचाल तासन्‌तास केली की कंडरांना सूज येते. १९९० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात निन्टेन्डोचा खेळ सलग पाच तास खेळून अंगठा दुखावलेल्या ३५ वर्षांच्या बाईंची हकिकत आली होती. शिवाय रात्रीच्या प्रकाशाने झोप आणणारे मेलाटोनिन कमी स्रवते.

मग हे व्यसन म्हणायचे का? सरसकट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११ वी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आहे आणि त्याचा इंटरनेटशिवायचा प्रकारही वेगळा नोंदला आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा वाटणे, नुकसान दिसूनही न थांबणे आणि त्यामुळे घरच्या, कामाच्या व्यवहारात मोठी अडचण होणे, हे साधारणतः १२ महिने चालले तरच तो विकार मानतात. निदान डॉक्टरांनी करावे, शेजाऱ्यांनी नव्हे!

सरांना तो विकार नव्हता. बोलता बोलता कळले, की गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. अंथरुणावर पडले की डोळा लागत नाही, म्हणून ते पत्ते लावत बसतात. मी थेंब दिले होते डोळ्यांना. दुखणे होते झोपेचे आणि एकटेपणाचे.

वाचकांनी एवढे पाळावे :

१) दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. पापण्या मुद्दाम मिटाव्यात.

२) दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नये.

३) झोपण्यापूर्वी एक तास पडदा बंद करावा.

४) घरातले कोणी रात्र रात्र खेळत असेल तर रागावण्याआधी झोप, भूक आणि मन यांची चौकशी करावी. दोन आठवडे सतत उदासी असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले, तर एक दिवसही थांबू नये.

सर आता नऊ वाजता कॉम्प्युटरवर कापड घालतात. डोळे निवळले, मनगटही बरे आहे. झोप अजून पुरती लागत नाही. त्यासाठी दर बुधवारी ते दवाखान्यात येतात आणि आम्ही दोघे चहा घेत थोडा वेळ बोलतो.