मक्याचे पिष्ट आणि घरातील द्रव

बाजारात ‘कॉर्नफ्लोअर’ या नावाने मिळणारी पांढरीशुभ्र पूड ही भाकरीसाठी दळलेल्या मक्याच्या पिठाहून निराळी असते. दाण्यातील कोंडा, प्रथिने व तेल वेगळे केल्यावर उरलेले ते जवळजवळ शुद्ध पिष्ट होय. त्याचे कण कोनदार असून पुष्कळांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. हे पिष्ट निरनिराळ्या द्रवांत कसे वागते, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते: पाणी कणांच्या बाहेर राहिले आहे की आत शिरले आहे.

पेलाभर थंड पाण्यात चमचाभर पिष्ट ढवळले असता पाणी दुधासारखे दिसते. परंतु पिष्ट विरघळत नाही, काही वेळाने ते तळाशी बसते. आता परातीत एक वाटी पाणी घेऊन त्यात दीड ते दोन वाट्या पिष्ट थोडेथोडे कालवावे. या लगद्यात बोट हळूच घातल्यास सहज बुडते. मूठ आपटल्यास मात्र तोच लगदा टणक लागतो. मुठीत दाबून धरलेला त्याचा गोळा पकड सैल होताच बोटांमधून ओघळू लागतो. येथे कणांची अतिशय दाटी असून त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. सावकाश हालचाल झाल्यास कण एकमेकांस वाट देतात. एकाएकी जोर पडला की कणाला कण भिडतो आणि घर्षणाने सारे जखडले जातात. आघातापासून असा घट्ट प्रदेश लगद्यात वेगाने पसरत जातो, हे शिकागो विद्यापीठातील वेटुकायटिस व येगर यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

उष्णतेने चित्र पालटते. सुमारे ६२ ते ७२ अंश सेल्सिअस तापमानास पाणी कणांच्या आत शिरते, कण फुगतात आणि त्यांतील अमायलोजच्या लांब साखळ्या बाहेर पडून पाणी दाट होते. निवल्यावर याच साखळ्या परस्परांत गुंतून खळ थिजते. कोरडी पूड उकळत्या पाण्यात टाकल्यास गुठळीच्या बाहेरील कण तत्काळ फुगून आतील कणांचे पाणी अडवितात. म्हणून ती आधी थंड पाण्यात कालवून घेण्याची स्वयंपाकघरातील रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

दूध बव्हंशी पाणीच असल्याने त्यातही असेच घडते. तेलात मात्र पिष्ट कितीही तापविले तरी त्याची खळ होत नाही. कण फुगण्यास लागणारे पाणीच तेथे नसते. पुष्कळ साखर असल्यास ती पाणी धरून ठेवते व कण फुगण्यास अधिक उष्णता लागते. लिंबाच्या रसाबरोबर फार वेळ उकळल्यास आम्लामुळे साखळ्या तुटून दाटपणा कमी होतो. रस शेवटी पिळावा हे बरे.

लाळेचा परिणाम याहून शीघ्र होतो. कोमट खळीत उष्टा चमचा फिरविला, तर थोड्याच वेळात ती पातळ होऊ लागते. अशा खळीतील थोडा भाग वेगळा काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. ताज्या खळीत उठणारा गडद निळा रंग येथे फिका पडतो, आणि पिष्टाचे पुरते विघटन झाले असल्यास उमटतच नाही.