अजून विमानात बसलो नाही, त्याचं काय?

प्रश्न : माझं वय ४६. कऱ्हाडच्या एका पतसंस्थेत नोकरी करतो. एस.टी., रेल्वे, ट्रक, मोटारसायकल, एकदा तर दुधाच्या टँकरमधूनही प्रवास केलाय, पण विमानात आजवर बसलेलो नाही. संस्थेत नव्यानं लागलेली पोरं गोवा-दिल्लीच्या गोष्टी सांगतात आणि ‘साहेब, तुम्ही कधी?’ म्हणून विचारतात. आता मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे. ती म्हणते, ‘बाबा, तिकीट मी काढते, तुम्ही आणि आई फक्त या.’ दोन गोष्टी विचारायच्यात. एवढ्या वयापर्यंत विमानात न बसलेले माझ्यासारखे किती असतील? आणि पहिल्यांदाच जाताना आपलं हसं होऊ नये म्हणून काय माहीत असावं?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुमच्यासारखेच जास्त आहेत, बसलेले कमी.

२०२४ साली देशांतर्गत विमानांनी सुमारे १६ कोटी प्रवासी नेले, असं सरकारी आकडेवारी सांगते. आकडा ऐकून दडपायला होतं. पण या १६ कोटी फेऱ्या आहेत, माणसं नव्हेत. पुण्यातला एखादा सल्लागार दर सोमवारी दिल्लीला जाऊन शुक्रवारी परत येत असेल, तर वर्षाकाठी तो एकटाच शंभर वेळा मोजला जातो. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर. सगळ्यांना अगदी सारखं वाटायचं म्हटलं, तरी नऊ जणांत मिळून वर्षाला एक फेरी येते, तीही फक्त जायची. परतीसाठी पुढच्या वर्षीची वाट बघायची! आणि प्रत्यक्षात वाटणी अशी सारखी होत नाहीच. तेच ते लोक पुन्हा पुन्हा उडतात, बाकीचे खाली असतात. तुमच्या पतसंस्थेच्या खातेदारांची यादी काढून बघा. पोरांच्या गोष्टींवरून वाटतं त्यापेक्षा वेगळं चित्र दिसेल.

आता तुम्हीच अजून का बसला नाहीत, ते पाहू. यात तुमच्या धाडसाचा काही संबंध नाही, तुमच्या गावाच्या जागेचा आहे. कऱ्हाड पुणे-बंगळुरू महामार्गावर. रात्री जेवून कोल्हापूर नाक्यावर उभं राहायचं, स्लीपर बसमध्ये आडवं व्हायचं, सकाळी बंगळुरू. विमानानं जायचं तर आधी १६० किलोमीटर उलट्या दिशेला पुण्याला जा, दोन तास आधी पोचा, दीड तास उडा आणि उतरल्यावर पुन्हा शहर गाठा. सगळी बेरीज केली तर बसच्या तुलनेत दोन-तीन तास वाचतात आणि रात्रीची झोप जाते. असा हिशेब मांडून माणूस बसनं जात असेल, तर त्याला मागासलेला म्हणण्यात काय अर्थ आहे? मजा अशी की तुमच्या गावाशेजारी वारुंजीला कोयना प्रकल्पाच्या काळातली धावपट्टी आहे. ती रोज बघणाऱ्या कित्येकांनी विमान आतून पाहिलेलं नसेल. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून सोयीच्या वेळेचं विमान मिळत असेल, तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. मुलीला ते आधी बघायला सांगा.

जागेइतकाच काळाचाही मुद्दा आहे. तुमचा जन्म झाला तेव्हा देशातल्या नियमित विमानसेवेवर सरकारी कंपन्यांची मक्तेदारी होती. १९५३च्या कायद्यानं ती आली आणि १९९४ साली तो कायदा रद्द झाला, म्हणजे तुम्ही शाळेत असताना. तोवर विमान म्हणजे मंत्री, मोठे अधिकारी, कारखानदार आणि परदेशातून येणारे नातेवाईक. सरकारी नोकरीत तर कुणी विमानानं जायचं हे हुद्द्यावर ठरायचं. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त तिकिटं काढली. एक रुपयातलं तिकीट तेव्हा चहाच्या टपरीवर चर्चेला आलं. तुम्ही तेव्हा चोविशीत, नोकरी-लग्नाच्या घाईत. लहान गावं जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं सुटली २७ एप्रिल २०१७ला. सिमला-दिल्लीसोबत त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचंही सुटलं. तुमच्या संस्थेतली पंचविशीची पोरं कमवायला लागली ती या सगळ्यानंतर. त्यांना विमान परवडतं यात त्यांचं कर्तृत्व असेल तेवढं असो, पण जन्मसालाचाही वाटा मोठा आहे.

एक गंमत सांगतो. तुम्ही उडाला नसाल, पण तुमच्या आजोबांची पत्रं बहुधा उडाली असतील. १९४९च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. साध्या पत्रालाही जादा आकार नव्हता. म्हणजे कऱ्हाडहून कलकत्त्याला टाकलेलं पत्र मुंबईत पोचलं, की पुढचा प्रवास विमानानं होण्याची चांगलीच शक्यता होती. ज्याला जन्मात विमानाचं तिकीट परवडणार नव्हतं, त्याचं पत्र नागपूरला मध्यरात्री विमान बदलत होतं.

आणि पोरांनी फारच छेडलं तर त्यांना आयझॅक असिमॉव्हचं नाव सांगा. आकाशगंगाभर पसरलेल्या साम्राज्यांच्या कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस आयुष्यात दोनदाच विमानात बसला, तेही ऐन तारुण्यात. नंतर नाव काढलं नाही. फुटबॉल बघणारी पोरं असतील तर डेनिस बर्गकँप त्यांना ठाऊक असेलच. १९९४च्या विश्वचषकानंतर त्यानं विमान सोडलं ते सोडलंच. तुमचं मात्र असं काही व्रत दिसत नाही. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

आकाशाची भीती ज्याची त्याला. दडपण येतं ते विमानतळाच्या इमारतीचं. एस.टी. स्टँडवर सगळेच गोंधळलेले असतात आणि ते कुणी लपवत नाही. ‘ही गाडी पाटणला जाते का हो?’ असं मोठ्यानं विचारलं की चारजण उत्तर देतात, त्यातले दोन चुकीचं देतात, पण बोलतात तरी. विमानतळावर सगळे चाकांची बॅग ओढत, जन्मल्यापासून तिथेच राहत असल्यासारखे गप्प चालत असतात. त्यातले निम्मे पाट्या वाचत चाललेले असतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

खरी तयारी घरीच होते. तिकिटावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे हा घोळ हमखास होतो : कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे आडनाव आधी, वहिनींच्या कार्डावर माहेरचं नाव आणि मुलीनं तिकीट काढलं सासरच्या नावानं. तिकीट काढण्याआधी मुलीला दोघांच्या कार्डांचे फोटो पाठवा. वेब चेक-इन करताना बऱ्याच सीटांखाली किंमत दिसते आणि माणसाला वाटतं, तिकिटाचे पैसे वेगळे आणि बसायचे वेगळे. तसं नाही. सीट न निवडता गेलात तरी काउंटरवर फुकट मिळतेच. फक्त खिडकी मिळेल किंवा वहिनी शेजारी येतील याची खात्री नाही. एरवी मी हे पैसे वाचवायला सांगितलं असतं. पहिल्या खेपेला खिडकीचे पैसे द्या.

मुलीकडे जाताय म्हणजे पिशव्या भरणारच. आपल्या प्रवासात अडकतात त्या वस्तू ठरलेल्या आहेत. अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवलात तर तपासणीत निघतोच. तो मोठ्या बॅगेत टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, कारण खोबऱ्यात तेल असतं आणि ते तापून आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोक्याचा माल समजलं जातं. खोबरं बंगळुरूतही मिळतं, चटणी करून न्या किंवा नाद सोडा. मोबाइलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, जवळच ठेवायची. काडेपेटी कुठेच नको. वजनाची मर्यादा देशांतर्गत प्रवासात बहुधा मोठ्या बॅगेला १५ आणि हातातल्या बॅगेला ७ किलो असते. घरच्या वजनकाट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करायची.

दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. आत कंपनीच्या काउंटरवर मोठी बॅग द्यायची, बोर्डिंग पास घ्यायचा. तिथे सरळ मराठीत सांगा, ‘पहिल्यांदाच चाललोय.’ पुण्यात ते कळतं, आणि पुढे कुठे जायचं ते समोरचा माणूस बोटानं दाखवतो. सुरक्षा तपासणीत खिसे पूर्ण रिकामे करायचे. पट्टा, पाकीट, किल्ल्या, चिल्लर, चुन्याची डबी, सगळं ट्रेमध्ये. इथे रांग तुंबते ती नवख्यांमुळे नव्हे, रोज उडणाऱ्यांमुळे, कारण त्यांना आपल्या बॅगेतून लॅपटॉप काढायचा असतो आणि तो तळाशी असतो. पुण्याचा विमानतळ असलेलं लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठिकाण आहे, तेव्हा धावपट्टीचे आणि लष्करी विमानांचे फोटो काढू नका.

यानंतरची एक गोष्ट एस.टी.वाल्यांना खरोखर गोत्यात आणते. मोठ्या विमानतळांवर हल्ली प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. कुणी ओरडून बोलावणार नाही. पडद्यावर गेट क्रमांक बघत राहायचं, तो मध्येच बदलूही शकतो. विमान सुटण्याच्या साधारण २५ मिनिटं आधी गेट बंद होतं, आणि बंद झालं म्हणजे झालं. गाडी हलल्यावर दांडी धरून चढायची सवय इथे कामाची नाही.

आत बसल्यावर हसू येतं ते कुणी भलत्याच आवाजानं दचकलं की. म्हणून आवाज आधीच सांगून ठेवतो. बंगळुरूच्या विमानात एअरबस ए-३२० मिळण्याची शक्यता मोठी. जागेवरून हलण्याच्या सुमारास पायाखालून कुणी कुत्रं भुंकावं तसा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. मालखान्यात कुणाचा मोती अडकलेला नसतो. दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब जुळवणारा तो पंप असतो. दमट हवेच्या दिवसांत छताजवळच्या फटींतून पांढरा धूर येताना दिसला तर तोही धूर नव्हे. गार हवेत बाष्पाचं झालेलं धुकं. धावपट्टीवर पाठ सीटला चिकटते, जमीन सुटते आणि काही क्षणांत खाली धाडकन काहीतरी आपटतं : चाकं पोटात गेली, दारं मिटली. पुढचा प्रकार सगळ्यांत फसवा. दीडएक हजार फुटांवर वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो, कारण उड्डाणाला लागणारी ताकद आता नको असते. आवाज एकदम उतरतो आणि पोटात गोळा येतो, जणू विमान खाली चाललंय. ते वरच चाललेलं असतं. उतरल्यावर मोठी गर्जना होते, ती वेग मारण्यासाठी इंजिनाचा झोत पुढे वळवल्याची.

कानांचंही सांगायला हवं. वर असताना आतला हवेचा दाब जमिनीसारखा ठेवत नाहीत. सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट, म्हणजे बसल्या जागी तुम्ही त्याच्याही वर. कान दडपतात ते उतरताना जास्त. लिमलेटच्या गोळ्या खिशात ठेवा, आवंढा गिळत राहा आणि खाली यायला लागल्यावर झोपू नका. सर्दीनं नाक गच्च असेल तर मात्र जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, तो दुखणं देणारा प्रकार आहे.

राहता राहिलं बंगळुरू. तिथला विमानतळ शहराबाहेर लांब देवनहळ्ळीला आहे, आणि मुलगी इलेक्ट्रॉनिक सिटीकडे राहत असेल तर ते नेमकं शहराचं दुसरं टोक. पुण्याहून यायला लागला तेवढा वेळ, रहदारी असेल तर त्याहून जास्त, त्या शेवटच्या टप्प्यात जाईल. टॅक्सीचं भाडं ऐकून वहिनी काय म्हणतील ते मला इथून ऐकू येतंय. बाहेर ‘वायु वज्र’ नावाच्या सरकारी बस लागलेल्या असतात. त्यांच्या पाट्या वाचायच्या, नाही कळलं तर खुशाल मोठ्यानं विचारायचं.