निवासगृहाची पारख

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या निवासगृहांना भेट देणारे अधिकारी बहुधा इमारत, खाटा आणि नोंदवह्या पाहून परततात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० नुसार अशा संस्थेस नोंदणी अनिवार्य आहे. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते. निवाशांचे जीवन त्यावरून कळत नाही.

अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत, की धुतलेल्या ढिगातून हाती येईल तो सदरा चढविला जातो? भरविणारी सेविका एक घास गिळून होईपर्यंत थांबते काय? भरदिवसा सारेच निवासी गुंगीत आढळल्यास औषधांची नोंद डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी. ज्यांना बोलता येत नाही, त्यांची तक्रार अंगावरच्या वणांतून, विशिष्ट माणूस जवळ येताच दचकण्यातून प्रकट होते. ती उमगण्यास सवड लागते, आणि पाहणीच्या दौऱ्यात नेमकी तीच नसते! म्हणून गावच्या शिक्षकांचे व पंचायत सदस्यांचे वरचेवर जाणे अधिक मोलाचे.

छळाचा संशय आल्यास कलम ७ अन्वये कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी तहसीलदारांना, माहिती देता येते. पीडित व्यक्तीच्या सुटकेचा आदेश ते देऊ शकतात.